वीतभर वरची माती

९ एप्रिल

चिचुंद्री,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. ते खोडलं, तर खोडलेलं जास्तच डोळ्यांत भरायला लागलं, म्हणून हा दुसरा कागद.

तू फोन करते आहेस आणि मी मुद्दाम उचलत नाही. तू बोलायला लागलीस की मला तुझं पटतं, हे माझं जुनंच दुखणं आहे. कागदावर तुला मध्येच "दादा, तसं नाही रे" म्हणता येत नाही. तेवढं एक बरं.

रविवारी दाढी करायला गेलो होतो. न्हाव्याने गालांना साबण लावला, एक गाल उतरवला आणि वस्तऱ्याला धार लावायला वळला. मागे बाकावर पैलवान बसला होता वर्तमानपत्र घेऊन. आरशात त्याचा चेहरा खुलला. "अरे, तुझ्या बहिणीचा फोटो आलाय की!" मी म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे." हो, मीच म्हटलं. छाती फुगवून.

पैलवानाचं वाचन तुला माहीत आहे. शब्दावर बोट ठेवून, अडखळत. "न नांगरता शेती केल्याने मातीत कर्ब साठतो, हा दावा... फोल." तो थांबला. त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. पुन्हा वाचलं. तेच निघालं. मग तुझे शब्द होते, तुझ्या नावाखाली. वरच्या वीतभर मातीत कर्ब वाढला, पण खाली हातभर खोलीवर तो तेवढाच घटला. बेरीज केली तर नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या शेतात फरक जवळजवळ नाहीच. आणि शेवटी, "हे आकडे आम्हाला गेली दोन वर्षं दिसत होते."

दोन वर्षं.

न्हावी वस्तरा हातात धरून उभा. माझ्या एका गालावर साबण सुकत चाललेला. पैलवानाने वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी "नाही" म्हटलं. त्याने माझ्याकडे नाही, आरशातल्या माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला.

माझा प्रश्न एवढाच आहे. बातमी खरी की खोटी ते मी विचारत नाही, तू खोटे आकडे देणार नाहीस हे मला माहीत आहे. मला आधी का नाही सांगितलंस? सगळ्या जगाला सांगायच्या एक दिवस आधी, एक तास आधी?

घरी सगळं ठीक. आई बरी आहे. वहिनी काही बोलत नाही.

— तुझा भाऊ, ज्याला तू वर्तमानपत्रातून कळवलंस

२१ एप्रिल

चिचुंद्री,

तुझं पत्र मिळालं. वहिनीने वाचलं, मग मी. आईला वाचून दाखवलं नाही. ती विचारते, "काय लिहिलंय?" मी सांगतो, "खुशाल आहे."

तू लिहितेस की विज्ञानात खात्री झाल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. एका वर्षाच्या आकड्यांवर बोलले असते आणि ते चुकले असते तर? पटलं. बघ, कागदावरसुद्धा पटतं. पण मग मला हे सांग, खात्री नव्हती तर माझं तोंड का उघडं ठेवलंस?

तुला आठवण करून देतो, कारण तुझ्या पत्रात हे सगळं दोन ओळींत संपलंय.

मी नांगरणारा माणूस. बाबा गेले तेव्हा माझ्या हातात ट्रॅक्टर आला आणि मागे पलटी नांगर. पंचक्रोशीतली जमीन मी उलथी केली. लोक मला नांगरदादा म्हणायचे. सरळ तास मारावा तर याने, म्हणायचे. तुझी शाळा, तुझं कॉलेज, परदेशातली ती दोन वर्षं, सगळं त्या नांगराच्या फाळाखालून निघालं. हे उपकार म्हणून सांगत नाही. भावाने करायचं ते केलं. पण तू मातीची डॉक्टर होऊन परत आलीस आणि पहिलं काय म्हणालीस? "दादा, तू नांगर मारतोस ना, तेव्हा जमिनीत साठलेला कर्ब हवेत उडतो. पिकं बिचारी हवेतून ओढून मुळांवाटे खाली ठेवतात आणि तू तिजोरी फोडतोस. त्यानेच आभाळ तापतं."

मी हसलो. म्हटलं, एवढं आभाळ माझ्या एका ट्रॅक्टरने तापत असेल तर मला मंत्री करा.

पण तू चिकाटीची. कुदळीने दोन ढेकळं काढून पडवीत आणलीस, एक आपल्या शेतातलं, एक कुंपणाच्या कडेचं, जिथे कधी नांगर लागला नव्हता. दोन्ही पाण्यात सोडलीस. आपलं ढेकूळ बघता बघता विरघळून गढूळ झालं. कुंपणाचं तसंच राहिलं, जणू पाण्यात स्पंज. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. पुढच्या हंगामात मी नांगर विकला. बियाण्यांच्या दुकानदाराला विकला, तोही अर्ध्या मनाने घेतला बिचाऱ्याने. "नांगरदादाने नांगर विकला, आता न्हावी वस्तरा विकणार," असं लोक म्हणाले. नांगरदादाचा बिननांगरदादा झालो.

धसकटं उभी ठेवून त्यातच पेरणी. दोन पिकांच्या मध्ये जमीन उघडी नाही ठेवायची, मोहरी, मुळा, वाटाणा काहीतरी उभं पाहिजे. पहिल्या वर्षी तण माजलं. दुसऱ्या वर्षी उंदरांनी धसकटांत संसार थाटले. वहिनी म्हणाली, "अहो, शेत आहे की उंदरांची धर्मशाळा?" तिसऱ्या वर्षी जमीन वळली. पाय ठेवला की दबणारी, काळसर, गांडुळांनी भरलेली. तेव्हा मी लोकांना सांगायला लागलो. घरोघर गेलो. शाळेच्या हॉलमध्ये बोललो. तुझ्या संस्थेने माझा फोटो छापला, ओंजळीत माती घेतलेला. तो दुकानदाराच्या काचेवर लागला होता.

आणि मग तू ते खोल भोकं पाडायचं यंत्र आणलंस. हातभर लांब मातीचे दंडगोल काढून पडवीत ओळीने मांडलेस, कापलेस, पिशव्या भरल्यास. मी विचारलं, "कसं काय?" तू म्हणालीस, "छान." त्यानंतरच्या हिवाळ्यात शहरात तो मोठा मेळावा झाला. मला व्यासपीठावर उभं केलंस. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "मला कर्ब दिसत नाही, मोजता येत नाही. पण माझी बहीण मोजते. ती म्हणते आहे, म्हणजे आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तू होतीस. तूही टाळ्या वाजवल्यास.

आता हिशेब घातला तर, तेव्हा तुझ्याकडे आकडे आले होते. हो ना?

मला तुझ्या टाळ्या आठवतात. बाकी सगळं मी विसरेन.

अजून एक. मागच्या पत्रात लिहिलं की पैलवान काही न बोलता गेला. त्या संध्याकाळी तो घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "तुझ्या बहिणीने मला फसवलं असतं तर मी तिला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण मी तिचं ऐकलं नव्हतं लेका. मी तुझं ऐकलं होतं." त्याचा थोरला आठवतो? "या गवताळ रानात माझं काय काम" म्हणून कारखान्यात गेला तो. तण माजलं होतं त्याच वर्षी गेला. अजून आलेला नाही. मीच तेव्हा पैलवानाला म्हटलं होतं, धीर धर, आपण दुनियेसाठी करतोय.

वहिनी काही बोलत नाही असंही लिहिलं होतं. तेही खरं नव्हतं. पण ते मी लिहिणार नाही.

— दादा

५ मे

चिचुंद्री,

अक्षर वाईट आहे. मनगट दुखावलंय, विशेष काही नाही.

तुझं दुसरं पत्र मी अजून फोडलेलं नाही. फडताळात ठेवलंय. आधी मी काय केलं ते सांगतो, मग तुझं वाचेन. नाहीतर तुझं वाचून माझं बदलेल.

दुकानदाराने काचेवरचा माझा फोटो उलटा केलाय. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय, 'पलटी नांगर भाड्याने मिळेल'. मी आत गेलो आणि म्हटलं, "द्या." तो गडबडला. "तुम्हाला?" म्हटलं, "हो, मलाच. माझाच आहे तो." एवढी वर्षं मागच्या शेडमध्ये पडून होता, फाळांवर गंज. घासून काढला. ट्रॅक्टरला जोडला आणि पैलवानाच्या दारात गेलो. म्हटलं, "बंद मी करायला लावलं, उघडतोही मीच."

तो नको म्हणाला नाही. बांधावर उभा राहिला.

खरं सांगू? मला बरं वाटलं. फाळ रुतला, ट्रॅक्टर दबला, मागे वळून बघितलं तर ओल्या मातीची लाट उलटत होती. पांढरे पक्षी मागे लागले, कुठून कळतं त्यांना कोण जाणे. हात विसरले नव्हते. तास असा सरळ आला की दोरी लावावी. पैलवानाचं शेत संपेपर्यंत मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही.

ती झाली नंतर, आपल्या शेतात वळलो तेव्हा. तिथे मी नांगरत नव्हतो, तुला उत्तर देत होतो. वेग जास्त, लक्ष नाही. अर्ध्या शेतात पोचलो असेन, तेवढ्यात फाळ कुठल्याशा जुन्या मुळाला अडकला, ट्रॅक्टरला हिसका बसला आणि मी स्टिअरिंगवर आपटलो. मनगट तेव्हाच गेलं. दोन महिने प्लास्टर. 'विशेष काही नाही' हे आईचं वाक्य आहे, ती सगळ्यांना तेच सांगते.

वहिनी धावत आली. हाताला फडकं गुंडाळताना म्हणाली, "नांगरायचं असेल तर खुशाल नांगरा. शेत तुमचं आहे. पण सोडलात तेव्हाही तिच्यासाठी, आणि आता धरलात तेही तिच्यासाठीच. अहो, तुम्हाला स्वतःला काय पाहिजे ते एकदा तरी बघा की."

ट्रॅक्टर तिथेच सोडून घरी आलो. म्हणजे आता आपलं शेत असं आहे: वरची अर्धी बाजू उलथी, खालची अर्धी धसकटांत. मधून रेघ. येणारे-जाणारे विचारतात, भावाभावांच्या वाटण्या झाल्या का?

म्हणतो, भाऊ-बहिणीच्या.

— दादा

२९ मे

चिचुंद्री,

तुझं पत्र फोडलं. तिसरंही.

तिसऱ्यातलं पहिलं घेतो, कारण त्याने मला हसू आलं. तू लिहितेस, "दादा, कृपा करून शेत अजून दोन वर्षं नांगरू नकोस. खोल मुळांची पिकं घेतली तर खालच्या थरातही कर्ब वाढू शकतो, ते बघायचंय. एवढी वर्षं न नांगरलेलं दुसरं शेत माझ्याकडे नाही." अगं, तू हे लिहीत होतीस तेव्हा अर्धं शेत उलथं होऊन माझा हात गळ्यात अडकवलेला होता. माझं पत्र तुला नंतर मिळालं असणार.

माझी चौकशी शेवटच्या ओळीत आहे. शेताची पहिल्या.

दुसऱ्या पत्राबद्दल. त्यात तू पहिल्यांदा खरं लिहिलंस असं वाटलं. तू लिहिलंस, आकडे आले तेव्हा तू घरी यायला निघाली होतीस, सांगायलाच. आलीस. मी तुला शेतात घेऊन गेलो, गांडुळं दाखवली, आणि माझा चेहरा बघून तुझ्याच्याने बोलवेना. म्हणून म्हटलंस, अजून एक वर्ष भोकं पाडून बघू, कदाचित चुकलं असेल. मग दुसऱ्या वर्षी तेच आलं. तोवर मी मेळाव्यात बोलून गेलो होतो. मग तर तोंडच शिवलं गेलं. "परक्या लोकांसमोर उभं राहून सांगणं सोपं गेलं, दादा. तिथे तुझा चेहरा नव्हता."

हे मी दोनदा वाचलं. रागवावं की काय करावं कळेना. तू माझ्यावर दया केलीस गं. त्या दयेने मला तोंडघशी पाडलं. एखाद्या पोराला त्याचं गणित चुकलंय हे सांगायचं नाही, म्हणून त्याला तसंच फळ्यापुढे उभं करायचं, असलं प्रेम हे. मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बाबांच्या मरणाची बातमी मी तुला सांगितली होती, तू पाटी घेऊन अंगणात बसली होतीस तेव्हा. मला काय शब्द सुचत होते? तरी सांगितली. कारण ती शेजारणीकडून कळायला नको होती.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या कामाची आहे. मागच्या आठवड्यात अवेळी पाऊस झाला, तासभरच, पण झोडपणारा. मी छत्री घेऊन गेलो. वरच्या नांगरलेल्या भागातून तांबडं पाणी निघालं होतं, मातीसकट, आणि खाली येत येत त्या रेघेवर पोचलं की धसकटांत शिरत होतं आणि दिसेनासं होत होतं. जमीन ते पीत होती. खालच्या बांधापर्यंत आलंच नाही. पैलवानाच्या उतारावरून मात्र ओढा वाहत होता. ते मीच नांगरलेलं. पैलवानही तिथे होता, भिजत. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तो म्हणाला, "माती चालली." मी म्हटलं, "चालली." यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही, पण त्याचं शेत नांगरल्यापासूनचं ते पहिलंच होतं.

तेव्हा वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. खालचा अर्धा भाग मी नांगरणार नाही. आभाळासाठी नाही, ते तुझं तू बघ. पाणी मुरतं म्हणून. माती जागेवर राहते म्हणून. हे मला माझ्या डोळ्यांनी दिसतं, कुणी मोजून सांगायला नको. तुझ्यासाठी ठेवलंय असं समजू नकोस.

पण आभाळाचं जे आम्ही लोकांना सांगितलं, ते तू येऊन निस्तरायचं. मी सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणतील, याने तेव्हाही सांगितलं होतं. १० जूनला शाळेचा हॉल घेतलाय. मी सगळ्यांकडे निरोप धाडलाय. तू येऊन उभी राहा आणि विचारतील त्याला उत्तर दे.

आई विचारते, चिचुंद्री राहायला येणार ना? मी काही कबूल केलेलं नाही.

— दादा

१२ जून

चिचुंद्री,

तू आलीस. येशील असं मला वाटलं नव्हतं. वहिनीशी मी पैज हरलो.

तू पुढे उभी होतीस. मागून कसं दिसलं ते तुला कळायचं नाही, म्हणून लिहितो. मी शेवटच्या बाकावर होतो, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. हॉल भरला होता. तू चित्रं आणली नव्हतीस, पडदा नव्हता, यंत्र नव्हतं. नुसती उभी राहिलीस आणि सांगितलंस, नांगर पूर्वी पाला-धसकटं खाली गाडत होता, तो बंद झाल्यावर ते सगळं वरच राहिलं. "आम्ही वीतभरच माती मोजत होतो. वर वाढलेलं दिसलं, खाली घटलेलं बघितलंच नाही. घाईने बोललो. आणि कळल्यावर गप्प बसलो." असं साधं तू या आधी कधी बोलली नव्हतीस. लोकांची कुजबुज थांबली.

मग दुकानदार म्हणाला, "म्हणजे आम्ही परत नांगरायचं का?" तू म्हणालीस, "उताराच्या जमिनीत माती आणि पाणी धरायचं असेल तर नका नांगरू. हवा सुधारेल म्हणून नांगर सोडला असेल, तर ते वचन मला पाळता येणार नाही. खोल मुळांची पिकं घेऊन काही वाढतं का ते मी अजून शोधते आहे. माहीत नाही." 'माहीत नाही' म्हणालीस. मेळाव्यात हा शब्द तुझ्या तोंडी एकदाही आला नव्हता.

मग पैलवान उठला. त्याने तुझ्या आकड्यांचं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "एकच सांग पोरी. तुझ्या भावाला ठाऊक होतं का?"

तू म्हणालीस, "नाही. मी त्याला सांगितलं नाही. तो तुम्हाला जे बोलला ते त्याला खरं वाटत होतं."

पैलवान खाली बसला नाही. मागे वळला, बाकांच्या मधून चालत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. तुला पुढून दिसलं असेल की नाही कोण जाणे. माझे डोळे भरून आले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा पैलवानाने दाबून धरलेला, पुसायचे कसे?

मी तेव्हाच तुला माफ केलं होतं. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितो.

सभा संपली, लोकांनी तुला घेरलं. मला वाटलं, बोलू दे तिला, आपण पुढे होऊ. घाईघाईने घरी आलो. आईला म्हटलं, "येतेय ती." आईने नवी चादर काढली, तुझी जुनी खोली स्वतः झाडली, तिला वाकवत नाही तरी. वहिनीने पाचवं ताट मांडलं. आपण चारच, मग पाचवं कुणाचं, विचारलं तर म्हणाली, "पैलवान पण येईल. आज येईल तो." आणि आला. आम्ही बसून राहिलो. आई दर थोड्या वेळाने दारात जाऊन यायची. दिवा लावायची वेळ झाली. मग पैलवान म्हणाला, "वहिनी, वाढा. मुलगी दमली असेल."

मी म्हटलं, लॉजवर उतरली असेल, लाजली असेल, सकाळी येईल.

सकाळी मी शेतात गेलो. खालच्या अर्ध्या भागात धसकटांच्या मधून भोकं होती. गोल, स्वच्छ, ओळीने, रेघेपासून बांधापर्यंत. काही रेघेच्या वरही, नांगरलेल्यात. माती ताजी होती. कडेला गाडीच्या चाकांच्या खुणा. भोकं तू व्यवस्थित बुजवून दाबली होतीस, पाय अडकू नये म्हणून. ते काम तू नेहमीच नीट करतेस.

तिथून आपलं घर दिसतं. धुराडं दिसतं, पडवी दिसते. आई सकाळी पडवीतच बसते. ती तुला दिसली असणार गं.

मी बराच वेळ त्या भोकांशी बसून होतो. अर्धं नांगरलेलं, अर्धं न नांगरलेलं, शेजारी शेजारी, एकच माती, एकच पाऊस. मला एवढं शिक्षण नाही, पण हे तुझ्या कामाचं आहे हे मलाही कळतं. माझ्या रागाने तुला हवा तसा नमुना तयार करून दिला. आणि तू तो घेऊन गेलीस.

हॉलमध्ये उभी राहायला तू माझ्यासाठी आली होतीस, का भोकं पाडायला आली होतीस आणि वाटेत हॉल लागला? हे मी तुला विचारणार नाही. तू उत्तर दिलंस तर ते मला पटेल.

शेत आहे तसं ठेवतो. पुढच्या वर्षी यंत्र घेऊन ये किंवा माणूस पाठव, कुणी अडवणार नाही. खाली कर्ब वाढो की घटो, जे निघेल ते आधी मला कळव. चांगलं असो, वाईट असो, अर्धवट असो, खात्री नसली तरी. एवढंच मागतो. बाकी तुझ्याकडे मागण्यासारखं मला आता काही सुचत नाही.

आईने चादर अजून काढलेली नाही. काल तिने विचारलं, आली नाही ती? मी सांगितलं, तुला ताप भरला होता, तिथूनच गाडीत घालून नेलं. तिने लगेच तुझ्यासाठी काढा कसा करायचा ते मला सांगितलं, तुला कळव म्हणून. आलं ठेच, पाणी अर्धं होईपर्यंत उकळ, गरमच पी.

शाळेच्या हॉलमध्ये एवढी वर्षं मी तुझ्यासाठी खोटं बोललो, पण ते मला माहीत नव्हतं. काल माहीत असून बोललो.

— दादा